माथेरान : चढणीचा इतिहास

माथेरानविषयीच्या लेखनाची सुरुवात बहुतेक वेळा माथ्यावरून होते. पॅनोरमा पॉइंटवरची सकाळ, शार्लोट तलावाकाठची सावली, रस्त्यावरची तांबडी माती, झाडावरून झेपावणारे शेकरू, आणि मग इतिहास म्हणून एक वाक्य : ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी मे १८५० मध्ये हे ठिकाण शोधून काढले. या क्रमाने वाचणाऱ्याच्या मनात असे चित्र उभे राहते, की डोंगराच्या डोक्यावर एक सुंदर गाव आहे आणि माणसे तिथे जाऊन पोहोचतात. कशी पोहोचतात, त्यांच्यामागून त्यांचे सामान कसे येते, तांदूळ, पाणी, कौले, विटा, औषधे वर कोण आणतो, हे प्रश्न तपशिलाचे ठरून मागे राहतात. माझ्या मते माथेरानच्या बाबतीत हेच प्रश्न मुख्य आहेत. या गावाचा भूगोल म्हणजे एक चढण आहे आणि त्याचा इतिहास म्हणजे ती चढण कोणाच्या पाठीवरून चढली गेली याचा वृत्तान्त आहे. गावाची आखणी, अर्थव्यवहार, आजचे वाद आणि थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेले खटले हे सगळे या एका धाग्याने उलगडतात. तो धागा धरूनच या विषयाची ओळख करून द्यायची आहे.

आधी डोंगर पाहू. माथेरान सह्याद्रीच्या मुख्य धारेवर नाही. घाटमाथ्यावरची लोणावळा-खंडाळा ही गावे देशाच्या पठाराला लागून आहेत. महाबळेश्वरलाही देशावरून, वाई-पाचगणीकडून चढून जाता येते. माथेरानला मागून जाण्याची अशी कुठलीच सोय नाही. सह्याद्रीपासून सुटून कोकणपट्टीत उभ्या राहिलेल्या एका डोंगररांगेचा तो भाग आहे. उत्तरेला मलंगगड, चंदेरी, पेब, दक्षिणेला प्रबळ आणि इर्शाळ अशी ती रांग आहे. पूर्वेला उल्हास नदीचे खोरे, पश्चिमेला पनवेलकडे उतरत जाणारा मुलूख. चारही बाजूंनी कडे किंवा अतितीव्र उतार, आणि वर समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवर बराचसा सपाट, फाटे फुटलेला माथा. पालिकेची हद्द अवघी ७ चौरस किलोमीटरच्या आसपास. म्हणजे कोणत्याही दिशेने यायचे म्हटले तरी जवळजवळ पूर्ण उंची चढावीच लागते. पायथ्याचे नेरळ समुद्रसपाटीपासून जेमतेम ४० मीटरवर आहे. नेरळ ते माथेरान हे अंतर सरळ रेषेत दहा किलोमीटरही भरत नाही. तेवढ्या अंतरात साडेसातशे मीटरची चढ आहे.

माथ्याचा पोतही ध्यानात घेतला पाहिजे, कारण पुढच्या कितीतरी गोष्टी त्यावर उभ्या आहेत. खाली दख्खनच्या लाव्हाचा काळा पाषाण आणि त्यावर जांभ्याचा थर, अशी या डोंगराची घडण आहे. जांभा सच्छिद्र असतो. पावसाळ्यात पाच-पाच हजार मिलिमीटर पाऊस होणे इथे नवलाचे नाही. ते पाणी जांभ्यातून झिरपते, काळ्या पाषाणाशी अडते आणि कड्याच्या पोटात झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते. त्यावरच अंजन, जांभूळ, हिरडा, आंबा यांचे दाट रान पोसले गेले आणि माथ्यावरचे रान म्हणून डोंगराला नाव मिळाले, अशी एक व्युत्पत्ती सांगितली जाते. पण हाच जांभा झाडांच्या मुळांनी आणि पालापाचोळ्याने धरून ठेवला नाही, तर तांबड्या धुळीत आणि चिखलात विरघळून कड्यावरून खाली जातो. सपाटीवरच्या गावात रस्ता उखडला तर डागडुजीचा खर्च येतो. इथे रस्ता उखडला तर जमीनच वाहून जाते. माथेरानमध्ये चाकाविषयी एवढी खबरदारी का, याचे पहिले उत्तर कायद्याच्या आधी या दगडात मिळते.

आता मॅलेट. ते चौक गावाकडून वर आले. चौक, रामबाग, गारबट, धोधाणी, नेरळ अशा अनेक बाजूंनी माथ्यावर जाणाऱ्या पायवाटा आहेत. वन ट्री हिलजवळच्या घळीला शिवाजीची शिडी म्हणतात. त्या नावामागचा ऐतिहासिक पुरावा काहीही असो, लोकांच्या लेखी ही वाट इंग्रजांपेक्षा जुनी आहे एवढे त्यातून नक्की समजते. ठाकर, कातकरी, धनगर हे या उतारांवर राहणारे आणि वावरणारे लोक. लाकूडफाटा, मध, हिरडा, गुरांसाठी चारा यांसाठी माथ्यावर ये-जा होती. पिसारनाथाचे स्थान वर होते. मॅलेट ज्या रानात शिरले त्याला नाव होते, वाटा होत्या, देव होता. तेव्हा 'शोध' हा शब्द इथे बसत नाही.

यावर एक रास्त आक्षेप घेता येईल. वाटा आणि देव असणे वेगळे, गाव असणे वेगळे. माथ्यावर कायम वस्ती, आखीव रस्ते, बंगले, बाजार, दवाखाना हे १८५० नंतरच आले. मॅलेट यांनी घर बांधले, गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांनी या ठिकाणाला आश्रय दिला, रस्त्यांची आखणी करवली. हे घडले नसते तर माथेरान आजही पेब किंवा इर्शाळसारखा एक ओसाड, देखणा डोंगर राहिला असता. आक्षेपातले तथ्य मी पूर्ण मान्य करतो. गिरिस्थान ही कल्पनाच वसाहतकाळाची. ज्या लोकांना मुंबईचा वैशाख सहन होत नव्हता आणि ज्यांना मायदेशी जाणे दरवर्षी परवडत नव्हते, त्यांनी ती रुजवली. परंतु या मान्यतेने प्रश्न मिटत नाही, उलट नेमका होतो. गाव कल्पिले कोणी याचे उत्तर मॅलेट आणि एल्फिन्स्टन असे द्यावे. गाव उभे कसे राहिले याचे उत्तर मात्र त्यांच्या नावात मिळत नाही. बंगल्याची प्रत्येक तुळई, प्रत्येक कौल, चुन्याची प्रत्येक गोण, मडमसाहेबांची डोली आणि साहेबांची पेटी माणसाच्या डोक्यावर, खांद्यावर नाहीतर तट्टाच्या पाठीवर चढली. त्या वाहणाऱ्यांची नावे कोणत्याही पॉइंटला दिलेली नाहीत.

पॉइंटांची नावे हा स्वतःच एक दस्तऐवज आहे. लुईझा, अलेक्झांडर, हार्ट, शार्लोट, एको, पॅनोरमा, वन ट्री हिल ही एक यादी. तिच्या शेजारी गारबट, चौक, रामबाग, मालडुंगा, पिसारनाथ ही दुसरी. आणि माधवजी पॉइंटासारखी तिसरीही, जी मुंबईच्या व्यापारी वर्गाची आठवण देते. पहिली यादी वरून खाली पाहणाऱ्यांची आहे. दरी, सूर्यास्त, प्रतिध्वनी पाहण्या-ऐकण्यासाठी कड्यावर उभे राहणाऱ्यांनी ती केली. दुसरी यादी खालून वर येणाऱ्यांची आहे. त्यांतली काही नावे वाट कुठे उतरते ते सांगतात. चौक पॉइंट म्हणजे चौक गावाच्या दिशेचे टोक. तिसरी यादी आपल्याला माथेरानच्या खऱ्या वाढीकडे नेते. १८५६ पर्यंत मुंबईहून निघालेली ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे नेरळवरून खोपोलीपर्यंत पोहोचली आणि माथेरानचा पायथा मुंबईपासून काही तासांवर आला. महाबळेश्वर गव्हर्नरांचे राहिले. माथेरान मुंबईच्या पारशी, बोहरा, गुजराती आणि पुढे मराठी मध्यमवर्गीय कुटुंबांचे झाले, कारण ते आगगाडीच्या जवळ होते. १९०५ मध्ये इथे नगरपालिका स्थापन झाली. देशातल्या सर्वांत लहान गिरिस्थानांत गणल्या जाणाऱ्या या गावाला स्वतःचे नागरी प्रशासन मिळाले, तेव्हाही नेरळच्या स्टेशनापासून वरची चढण मात्र घोडा, डोली, रिक्षा आणि हमाल यांच्याच जोरावर पार पडत होती.

या चढणीला पहिले यांत्रिक उत्तर मिळाले ते नेरळ-माथेरान रेल्वेचे. ही गाडी 'टॉय ट्रेन' म्हणून ओळखली जाते आणि या लाडक्या नावाने तिच्यावर अन्याय झाला आहे, असे मला वाटते. मुंबईचे उद्योगपती सर आदमजी पीरभॉय यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांनी १९०४ ते १९०७ या काळात, सुमारे १६ लाख रुपये खर्चून, दोन फुटी गेजचा हा मार्ग उभा केला. सरकारचा हा प्रकल्प नव्हता. एका घराण्याने आपला पैसा डोंगरात घातला. तांत्रिक सल्ला एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांचा होता. बार्शी लाइट रेल्वेमुळे हे नाव सोलापूर-पंढरपूरकडच्या वाचकांना परके नाही. अरुंद रुळांवरही गंभीर, भरवशाची वाहतूक करता येते, हे त्यांनी बार्शीला सिद्ध केले होते. माथेरानला प्रश्न अधिक अवघड होता. दहा किलोमीटरही नसलेले सरळ अंतर रुळांना सुमारे २१ किलोमीटरचे वळण घेत कापावे लागते. काही ठिकाणी वीस फुटांच्या लांबीत एक फूट अशी चढ आहे. वळणे इतकी तीव्र, की साध्या इंजिनाची ताठ चौकट त्यांत अडकावी. म्हणून बर्लिनच्या ओरेनस्टाइन अँड कॉपेल या कंपनीकडून टोकाच्या आसांना वळता येईल अशी रचना असलेली इंजिने बनवून घेतली गेली. जुम्मापट्टी, वॉटरपाइप, अमन लॉज या स्थानकांची नावे ऐकताना वॉटरपाइपपाशी थोडे थांबावे. या गावाला चढणीने किती घेरले आहे ते त्या नावात आहे. इथे पाणीसुद्धा चढवावे लागते. शार्लोट तलाव गावाला पुरत नाही; उल्हास नदीचे पाणी टप्प्याटप्प्याने पंपांनी वर नेले जाते. पाच हजार मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या डोंगराला उन्हाळ्यात पायथ्याच्या नदीकडे पाणी मागावे लागते, याचे कारण पुन्हा तोच जांभा. तो पाणी धरत नाही.

रेल्वेने चढण जिंकली असे म्हणता येईल का? मला तसे वाटत नाही. पावसाळ्यात दरड, माती आणि ओढे यांच्यामुळे नेरळहून वर येणारी गाडी बंद ठेवावी लागते. जुलै २००५ च्या अतिवृष्टीत मार्गाची इतकी हानी झाली, की तो २००७ मध्ये, म्हणजे शताब्दीच्या वर्षी, पुन्हा सुरू झाला. २०१६ मध्ये डबे घसरल्यानंतर तो बंद झाला. २०१९ च्या पावसात पुन्हा उद्ध्वस्त झाला आणि ऑक्टोबर २०२२ पर्यंत नेरळहून गाडी वर आली नाही. मधल्या काळात अमन लॉज ते माथेरान एवढ्या छोट्या टप्प्यावर फेऱ्या चालवून गावाचा जीव धरून ठेवला गेला. या इतिहासावरून काही जण असा निष्कर्ष काढतात, की ही रेल्वे म्हणजे एक महागडी हौस आहे आणि ती वस्तुसंग्रहालयात ठेवण्याच्या लायकीची आहे. हा निष्कर्ष चुकीचा आहे. रस्ताही त्याच पावसात खचतो, त्याच दरडींखाली येतो. फरक एवढाच, की रस्त्याच्या दुरुस्तीकडे आपण गरज म्हणून पाहतो आणि या रुळांच्या दुरुस्तीकडे हौस म्हणून. गाडीला खेळणे म्हटले, की तिच्या दुरुस्तीचा खर्चही खेळण्यावरचा वाटू लागतो. दोन फुटी रुळांनी शंभरावर वर्षे प्रवासी आणि सामान वाहिले. रूळ चालू असताना माणसाच्या डोक्यावरचे ओझे हलके होते आणि बंद पडले की ते पुन्हा डोक्यावर येते, हे गणित सरळ आहे.

माथेरानचा राजकीय इतिहास सांगताना भाई कोतवालांचे नाव घेऊन पुढे जाण्याची रीत आहे. पण चढणीचा धागा धरला, की कोतवालांचे मोठेपण वेगळ्या रीतीने दिसते. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल १९१२ मध्ये माथेरानला एका गरीब नाभिक कुटुंबात जन्मले. थंड हवेच्या गावात पाहुण्यांची सेवा करून जगणाऱ्या वर्गातला हा मुलगा शिकून वकील झाला, माथेरानच्या नगरपालिकेत निवडून आला, आणि तिथेच न थांबता डोंगर उतरून कर्जत-मुरबाडच्या पट्ट्यातल्या शेतकरी-आदिवासींमध्ये गेला. धान्याची कोठारे, शाळा, सावकारीविरुद्धची लढाई ही त्यांची कामे. १९४२ मध्ये त्यांनी आझाद दस्ता उभारला आणि मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडले. या मनोऱ्यांची जागा भूगोलाने ठरवून दिली होती. भिवपुरी आणि खोपोलीची जलविद्युत केंद्रे सह्याद्रीचा पाऊस कोकणात उतरवून वीज करतात, आणि ती वीज या डोंगररांगांच्या पायथ्यावरून मुंबईला जाते. मुंबईच्या गिरण्या आणि रेल्वे ज्या तारांवर अवलंबून होत्या, त्या तारा कुठून जातात आणि त्या रानात कोण आसरा देईल, हे या वाटा पायांखालून गेलेल्यालाच ठाऊक असणार. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडाच्या रानात भाई कोतवाल आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. माथेरानमध्ये जन्मून माथेरानकडे पायथ्याच्या नजरेने पाहणारा माणूस म्हणून मी त्यांच्याकडे पाहतो.

आता आजच्या वादाकडे येऊ. माथेरान मोटारमुक्त आहे. पायथ्याहून येणारा घाटरस्ता दस्तुरी नाक्याशी संपतो. तिथून बाजारापर्यंत सुमारे अडीच-तीन किलोमीटर चालत, घोड्यावर, छोट्या गाडीने किंवा रिक्षाने जायचे. फेब्रुवारी २००३ मध्ये केंद्र सरकारने माथेरान आणि भोवतालचा सुमारे २१५ चौरस किलोमीटरचा प्रदेश पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केला आणि रुग्णवाहिका व अग्निशमन गाडी सोडून पालिका हद्दीत वाहनांना मज्जाव केला. जी गोष्ट दीडशे वर्षे उतारामुळे आणि प्रथेमुळे पाळली जात होती तिला त्यामुळे कायद्याचा आधार मिळाला. मी या बंदीच्या बाजूने आहे, आणि केवळ शांतता व शुद्ध हवेसाठी नाही. सात चौरस किलोमीटरच्या जांभ्याच्या माथ्यावर मोटारी आल्या, तर त्यांना रुंद रस्ते लागतील, वाहनतळ लागतील, त्यांसाठी झाडे जातील, आणि झाडे गेली की माथा धुपू लागेल. घाटमाथ्यावरच्या इतर गिरिस्थानांत सुट्टीच्या दिवशी मैलोन्‌मैल लागणाऱ्या रांगा आपण पाहतोच आहोत. तिथे निदान पठार तरी प्रशस्त आहे. इथे कडा सुरू होतो.

या भूमिकेवरचा सर्वांत वजनदार आक्षेप पर्यटनवाल्यांचा नाही, तो गावकऱ्यांचा आहे. मोटारबंदीचा आनंद दोन दिवसांच्या पाहुण्याला मिळतो. तिचे ओझे वर्षभर आम्ही वाहतो, असे ते म्हणतात. किराणा, गॅसची टाकी, बांधकामाचे सामान यांच्यावर वाहतुकीची भर पडते; म्हाताऱ्यांना, गरोदर बायकांना, शाळकरी मुलांना रोज तीन-तीन किलोमीटरची पायपीट पडते. २००१ च्या जनगणनेत माथेरानची लोकसंख्या सुमारे ५,१०० होती, २०११ मध्ये ती सुमारे ४,४०० झाली. लगतची नेरळ, कर्जत, बदलापूर वाढत असताना हे गाव आकसले. लोक गाव सोडण्याची कारणे अनेक असतात, सगळा दोष एका बंदीवर टाकता येणार नाही. पण राहणे अवघड आहे हे या आकड्यांतून दिसते आणि त्याकडे डोळेझाक करणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. डोंगर वाचवण्याची किंमत डोंगरावर राहणाऱ्या गरिबाने एकट्याने भरावी, असे म्हणणारे पर्यावरणप्रेम मला मान्य नाही.

हातरिक्षा हा या आक्षेपाचा मूर्त पुरावा होता. एक माणूस पुढून ओढतो, दोघे मागून रेटतात आणि वर बसलेला प्रवासी चढ चढतो. ही पद्धत देशाच्या बहुतेक भागांत निषिद्ध ठरल्यानंतरही माथेरानमध्ये मोटारबंदीच्या आडोशाला टिकून राहिली. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रायोगिक तत्त्वावर ई-रिक्षांना परवानगी दिली आणि डिसेंबरात त्या माथ्यावर धावू लागल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने हातरिक्षा ही मानवी प्रतिष्ठेला काळिमा फासणारी प्रथा असल्याचे सांगून ती सहा महिन्यांत टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा आणि ओढणाऱ्यांचे पुनर्वसन करण्याचा आदेश दिला. १९८० च्या सुमारास पंजाबातल्या सायकलरिक्षा ओढणाऱ्यांच्या खटल्यात याच न्यायालयाने ओढणाऱ्यालाच रिक्षाचा मालक करण्याचा विचार उचलून धरला होता. त्याला पंचेचाळीस वर्षे लोटल्यावर माथेरानचा निकाल आला. निकालातला दुसरा भागही तितकाच महत्त्वाचा. दस्तुरी नाक्यापासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंतच्या मुख्य रस्त्यावर पेव्हर ब्लॉक चालतील, आतल्या वाटांवर आणि पायरस्त्यांवर नाही. न्यायालयाने माणसाच्या पाठीवरचे ओझे उतरवले आणि मातीवर नवे ओझे टाकण्याला मर्यादा घातली. या दोन गोष्टी एकाच निकालात येणे मला फार मोलाचे वाटते, कारण इतकी वर्षे त्या एकमेकींच्या विरोधी म्हणून मांडल्या गेल्या होत्या.

ई-रिक्षांवरचे आक्षेप दोन्ही बाजूंनी आहेत. एक म्हणतो, आज बॅटरीची तीनचाकी, उद्या पेट्रोलची चारचाकी. दार एकदा उघडले की बंद होत नाही. ही भीती निराधार नाही, आणि म्हणूनच संख्या मर्यादित ठेवणे आणि परवाने आजवर रिक्षा ओढत आलेल्यांनाच देणे या दोन अटी पाळल्या गेल्या पाहिजेत. चाक ज्याच्या मालकीचे असते त्याच्या फायद्याने त्याची संख्या ठरते. ते बाहेरच्या भांडवलदाराच्या हाती गेले तर दार नक्कीच सताड उघडेल. दुसरा आक्षेप घोडेवाल्यांचा. साडेचारशेच्या आसपास घोड्यांवर कितीतरी कुटुंबे पोट भरतात आणि ती बहुतेक मोठ्या जमिनींची मालक नाहीत. ई-रिक्षेने त्यांची गिऱ्हाइके जातील, ही त्यांची तक्रार खरी आहे. तिला प्रगतीच्या आड येणारा स्वार्थ म्हणणे सोपे आहे, पण ते चूक आहे. घोडा हाही याच चढणीने निर्माण केलेला रोजगार आहे. मात्र शाळेत जाणारे मूल, आजारी म्हातारी आणि धान्याचे पोते यांचा भार घोडेवाल्यांच्या रोजगारासाठी अडवून धरता येणार नाही. पॉइंटांकडच्या मातीच्या वाटा घोड्यांच्या आणि पायी चालणाऱ्यांच्या, मुख्य रस्ता ई-रिक्षेचा, जड सामान रुळांवरून, अशी विभागणी या डोंगराला आणि इथल्या माणसांना दोघांनाही झेपेल. त्यासाठी नवा शोध लागण्याची गरज नाही; रेल्वेचे मालडबे नियमित चालवणे हीच त्यातली सर्वांत मोठी आणि सर्वांत जास्त टाळली गेलेली गोष्ट आहे.

एवढे सारे होऊनही चढणीचा प्रश्न फक्त माथ्यावरच्यांपुरता बोलला जातो, ही या विषयावरच्या चर्चेतली मोठी उणीव आहे. उतारांवर, कड्याखालच्या टप्प्यांवर आदिवासींच्या वाड्या आहेत. तिथली बाई करवंदे, जांभळे, भाजी, लाकडाची मोळी डोक्यावर घेऊन माथेरानच्या बाजारात येते आणि संध्याकाळी उतरते. माथ्यावरच्या हॉटेलांत काम करणारे कितीतरी हात याच वाटांनी रोज वर येतात. हाशाची पट्टी, बेकरेवाडी, धोधाणी या बाजूंच्या लोकांच्या लेखी माथेरान हे सहलीचे ठिकाण नाही, ती वरची बाजारपेठ आणि रोजगाराची जागा आहे. कित्येक वाड्यांत आजारी माणसाला झोळीत घालून न्यावे लागते. म्हणजे १८५० मध्ये साहेबासाठी जी डोली होती, ती आज उतारावरच्या रुग्णासाठी झोळी होऊन राहिली आहे. संवेदनशील क्षेत्राची सीमा या वाड्यांवरूनच जाते आणि रस्ता, वीज, पाण्याच्या साध्या कामांना परवानग्यांची अडचण येते. मोटारमुक्त माथा आणि वाहनावाचून तळमळणारी वाडी एकाच डोंगरावर आहेत, आणि त्यांना एकच नियम लावणे न्यायाचे नाही. माथ्यावर वाहन नको असण्याची कारणे भूगर्भात आहेत; वाडीपर्यंत रुग्णवाहिका जाईल एवढा रस्ता हवा असण्याची कारणे माणसाच्या जगण्यात आहेत. दोन्ही मागण्या एका तोंडाने करता येतात, आणि केल्या पाहिजेत.

पुढची पाने वाचणाऱ्याला एक विनंती आहे. नकाशा उघडताना बोट माथ्यावर ठेवू नका. नेरळच्या स्टेशनावर ठेवा, तिथून जुम्मापट्टी, वॉटरपाइप, अमन लॉज असे वर न्या. मग चौकाहून रामबागेची वाट धरा, धोधाणीहून पश्चिमेची, आणि प्रत्येक वाटेवर कोण काय घेऊन चढले ते विचारत वाचा. माथेरानला पोहोचेपर्यंत त्याचा अर्धाअधिक इतिहास वाचून झालेला असेल.